हिरवा मणी

विक्रांत खबालेच्या फोनवर जो संदेश आला, तो पाठवायचं बटण त्याच्या सख्ख्या चुलतीनंच दाबलं होतं.

चुलती म्हणजे सुवर्णा. पिंपळसोंडच्या आरोग्य केंद्रात ती हिरडीसेविका होती आणि दर महिन्याच्या पाच तारखेला असे संदेश पाठवणं हा तिच्या कामाचाच भाग होता. एरवी ती यादी उघडायची, खालपर्यंत सरकवायची, बटण दाबायची आणि चहाला जायची. या वेळी सातव्या नंबरावर तिच्या थोरल्या जावेचं नाव होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि तरीही बटण दाबलं. नियम तो नियम, घरच्यांना वेगळा न्याय नको, असं तिनं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावताना माणूस फारसा पुरावा मागत नाही.

संदेश असा होता: 'आपल्या कुटुंबातील सदस्य श्रीमती शालन खबाले यांच्या हिरड्या निरोगी असून औषधोपचार सुरू आहेत. तरीही वजनात घट नाही. सदस्य लपवून खात असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के आहे. कुटुंबाने सहकार्य करावे. वीस तारखेच्या बैठकीत नाव कमी करण्याबाबत निर्णय होईल.'

विक्रांतनं सहकार्य केलं. त्याच संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरातल्या फडताळाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला अडकवली. पोरगा वाईट नव्हता. आईचे गुडघे पार झिजलेत, वजन पंच्याण्णवच्या खाली आल्याशिवाय आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही असं कराडच्या डॉक्टरांनी बजावलंय, आणि केंद्राच्या वजन उतरवण्याच्या प्रकल्पातून नाव गेलं की तो रस्ता कायमचा बंद, एवढं त्याला पक्कं कळत होतं. आई एकशे बारा किलोची होती. मशीन सांगत होतं ती चोरून खाते. काळजीपोटी माणूस जितका कठोर होतो तितका रागापोटी होत नाही.

आता हे मशीन आणि त्यामागच्या मण्याची भानगड काय, ते सांगायला हवं.

चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेलं धान्य, अशी आपली जुनी समजूत. पण चरबी धान्यासारखी गप्प बसत नाही. ती मर्यादेबाहेर वाढली की तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं रक्तात सुटतात आणि जिथं पोचतील तिथं शरीराला विनाकारण लढायला उभं करतात. हिरडीत तर शत्रू कायमच दाराशी असतो. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत जंतू घर करतात, फट खोल होत जाते, आतली नाजूक त्वचा सोलवटते. सगळ्या दातांभोवतीची ही सोललेली जागा उलगडून एकत्र मांडली, तर तळहाताएवढी जखम भरेल. एवढी जखम पायाला झाली असती तर माणूस दवाखान्यात धावला असता. तोंडातली असते म्हणून चूळ भरून मोकळा होतो. तिथून जंतू आणि त्यांची विषं रक्तात उतरतात, इन्सुलिनचं काम अडतं, साखर चढते, चरबी साठते आणि ती आणखी सूज धाडते. लठ्ठपणा हिरडी पोखरतो, हिरडी लठ्ठपणाला हातभार लावते. दोघांचं चांगलं साटंलोटं आहे.

पूर्वी डॉक्टर यातल्या एकाच बाजूशी भांडायचे. कमी खा, असं सांगून मोकळे व्हायचे. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. सुमेध ओगले यांनी दोन्ही बाजूंशी एकदम भांडायचं ठरवलं. त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढा मणी बनवला. तो मागच्या दाढेला आतल्या अंगानं चिकटवायचा. मणी हिरडीत मंद प्रकाश सोडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तिथला रक्ताचा ओघ मोजतो. सुजलेल्या हिरडीत रक्त तुंबलेलं असतं, तेव्हा फोनवर तांबडा ठिपका दिसतो. सूज बेताची असेल तर पिवळा, हिरडी शांत असेल तर हिरवा. तांबडा-पिवळा दिसला की हिरडीच्या फटीत जंतू मारणारं जेल भरायचं, हिरवा झाला की वजनाचं औषध सुरू करायचं. आणि ते चालत होतं. नऊ तालुक्यांत दोन वर्षांत अशी माणसं वीस-वीस किलोंनी उतरली होती, जी आयुष्यभर 'मी नुसती हवा खाल्ली तरी फुगतो' म्हणत होती आणि ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

त्यामुळं ज्याच्या हिरड्या पहिल्यापासून हिरव्या, औषधही चालू आणि तरी वजन ढिम्म हलत नाही, त्याच्याबद्दल प्रकल्पाच्या संगणकाकडे एकच उत्तर उरलं. लपवून खातो. पिंपळसोंडमध्ये साठ बायकांपैकी अशा अकरा होत्या. सुवर्णा सेविका म्हणून वेगळ्या यादीत होती, नाहीतर ती बारावी ठरली असती. तिचाही मणी पहिल्या दिवसापासून हिरवागार. 'आदर्श हिरडी' म्हणून तिचा हसरा फोटो केंद्राच्या भिंतीवर लावलेला होता. वजन मात्र अठ्ठ्याऐंशीचं दोन वर्षांत शहाऐंशी झालं होतं. येता-जाता शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकायची सवय असल्यामुळं दोष तिनं मुकाट्यानं स्वतःकडे घेतला होता. थोरली जाऊ शालनअक्काही तसंच काहीतरी करत असणार, हे तिनं न विचारता धरून चालवलं.

संदेशानंतर तीन दिवस अक्का दिसलीच नाही. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, मागच्या दाराची पायरी एकच. लग्न होऊन आल्यापासून तेवीस वर्षं सुवर्णा रोज सकाळी त्या पायरीवर अक्काशेजारी बसत आली होती. तीन दिवस ती एकटीच बसली. चौथ्या दिवशी, आठ तारखेला, तिनंच अक्काचं दार ढकललं.

शालनअक्का खाटेच्या कडेला बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पोरानं कुलूप घातलंय," ती म्हणाली. "सून पीठ मोजून देती. काल शेजारची गंगू हळद मागाय आली, तर मी म्हनलं थांब बाई, किल्लीवाला येऊ दे. बघून हसली ती."

"अक्का," सुवर्णा म्हणाली, "खरं सांगा. खाता का कायतरी?"

अक्काचा हात थांबला. "तू इचारतीस मला?"

"मशीन म्हनतंय."

"मशीन काय म्हनतंय ते समद्या गल्लीला ठावं हाय. तू काय म्हनतीस?"

तेवीस वर्षांत अक्का आपल्याशी एकदाही खोटं बोलल्याचं सुवर्णाला आठवत नव्हतं. उलट सासूबाईंच्या हातचा मार चुकवायला सुवर्णा जे खोटं बोलली होती, ते अक्कानं आपल्या अंगावर घेतलं होतं.

"ये की मग माझ्या घरी," अक्का म्हणाली. "माझ्या ताटात जेव. माझ्याजवळ नीज. मोरीतबी माझ्या मागनं ये. मग सांग काय ती."

"येते," सुवर्णा म्हणाली. आणि खरंच गेली.

तिनं केंद्रातला वजनकाटा बरोबर नेला होता. अक्काची अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, मेथीची भाजी, सगळं काट्यावर चढून ताटात पडत होतं. पहाटे उठून नवऱ्याचा डबा करायला तेवढी ती आपल्या घरी जायची आणि तासाभरात परतायची. त्या तासासाठी तिनं अक्काच्या सुनेला पहाऱ्यावर बसवलं होतं. अक्का पाखराएवढं खात होती. शेंगदाणा नाही, गूळ नाही, शेवेचा कण नाही. दुसऱ्या दिवशी सुवर्णाला स्वतःलाच भुकेनं गरगरायला लागलं, कारण पैज म्हणून ती अक्काएवढंच जेवत होती. अक्काला गरगरत नव्हतं. तिला सवय झाली होती, आणि हे लक्षात आल्यावर सुवर्णाला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी अक्कानं चूळ भरली तेव्हा मोरीत पाणी लालसर गेलं. चौथ्या दिवशी भाकरीच्या घासाला रक्त लागलं. सुवर्णानं फोन उघडला. दोन वर्षांत पहिल्यांदा अक्काचा ठिपका पिवळा होता, आणि रात्रीपर्यंत तांबडा झाला. त्यापाठोपाठ विक्रांतच्या फोनवर आपोआप सूचना आली: 'हिरडीतील अचानक बदल पाहता गोड पदार्थांच्या सेवनाची शक्यता.'

"काकी, आता बोला," विक्रांत म्हणाला. तो चिडला नव्हता, दमला होता. "कुठनं खाती ही?"

"कुठनंच न्हाई. मी हितं हाय की, तुज्या मशीनपेक्षा जवळ."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही, एवढं सुवर्णाला दिसत होतं. चोर कोण ते दिसत नव्हतं. अन्न तेच, पाणी तेच, औषध तेच. मग आठवडाभरात हिरडी बिघडली कशानं?

तेरा तारखेच्या सकाळी ती आपल्या घरून परतली तेव्हा पहिल्यांदाच अक्का मागच्या पायरीवर येऊन बसली होती. रुसवा गेला होता. सुवर्णा शेजारी टेकली, कमरेची पितळी डबी काढली आणि बोटानं मशेरी हिरडीला लावू लागली.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. या भागात बायका तिनं दात घासतात, आज्या-पणज्यांपासून घासत आल्यात. शहाण्या माणसांनी नावं ठेवून झाली, पेस्टच्या नळ्या घरोघर आल्या, तरी मागच्या पायरीवरची डबी गेली नाही. त्याचं कारण नशेपेक्षा वेगळं होतं. तोंडात मशेरी असली की बाईला कुणी काम सांगत नाही. बोलता येत नाही, उठता येत नाही, थुंकी गिळता येत नाही. सासू हाक मारते आणि 'मशेरी लावतीय व्हय' म्हणून स्वतःच गप्प होते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सुनेच्या वाट्याला तेवढीच पंधरा मिनिटं स्वतःची यायची. अक्कानं नव्या जावेला पहिल्या आठवड्यात जी गोष्ट शिकवली ती भाकरी थापणं नव्हती, ही होती.

सुवर्णानं डबी पुढं केली. अक्कानं बोट घातलं आणि मग एकदम हसली.

"आट दिसांनी मिळाली बघ. माझी डबी फडताळात हुती, डाळीच्या डब्यामागं. पोरानं तीबी कुलपात घातली. मागायची तरी कशी त्याच्याकडं?"

सुवर्णाचं बोट तोंडातच थांबलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिनं अक्काचा हात धरून डबीतून बाहेर काढला, स्वतः उठून चूळ भरली, आणि पुन्हा पायरीवर येऊन बसली. प्रशिक्षणात एका दुपारी शिकवलं होतं. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तंबाखू वापरणाऱ्याची हिरडी आतून कुजत असली तरी वरून फिकट, शांत दिसते, तिच्यातून रक्त येत नाही. आणि मणी काय मोजतो? रक्ताचा ओघ. मशेरीनं ओघ आवळून धरला होता. मण्याला वाटलं हिरडी निरोगी आहे. हिरवा ठिपका दिसला म्हणून अक्काच्या हिरडीत कधी जेल भरलंच गेलं नाही. आग दोन वर्षं धुमसत राहिली आणि वरून नुसतंच वजनाचं औषध ओतलं गेलं. आठ दिवस मशेरी सुटली, वाहिन्या सैल पडल्या, तेव्हा कुठं हिरडीनं खरं सांगितलं. त्यालाही मशीननं चोरी म्हटलं.

अर्जात प्रश्न होता. 'आपण तंबाखू खाता किंवा ओढता का?' साठ बायकांना तो सुवर्णानंच विचारला होता आणि साठही जणींनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं होतं. खाणारे, ओढणारे पुरुष. मशेरी हा दात स्वच्छ करायचा प्रकार, तो तंबाखूत कोण धरतो? बायकांचं एक वेळ ठीक होतं. सुवर्णानं स्वतः सेविका होताना तंबाखूमुक्त असल्याचं प्रतिज्ञापत्र सही करून दिलं होतं, सकाळची मशेरी लावून झाल्यावर. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असलेली गोष्ट हाताशी न येऊ देण्याची सोय तिनं करून घेतली होती.

"अक्का, ही डबी आता बंद," ती म्हणाली. "तुमची बी, माझी बी."

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं नाव घेऊ नगंस. पोरगा गावाला तोंड कसं दाखवंल? त्या धा जणींचंबी घेऊ नगंस. बाईनं मशेरी लावावी, पर त्याचा बोभाटा हुऊ नये."

"न्हाई घेत. माझं घेते."

वीस तारखेला सात दिवस होते. नुसत्या बोलण्यावर डॉ. ओगले विश्वास ठेवणार नाहीत हे सुवर्णाला माहीत होतं. आकड्यांवर ठेवतील. तिच्याकडे एक तोंड होतं, त्यात एक मणी होता, आणि दोन वर्षांची सरळ हिरवी रेघ होती. ती रेघ मोडून दाखवायची.

पहिल्या दिवशी डोकं ठणकलं. दुसऱ्या दिवशी तिनं विनाकारण पातेलं आपटलं. तिसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही, आणि मशेरीवाल्या बाईला यापेक्षा मोठं संकट ठाऊक नसतं. चौथ्या दिवशी बोट आपोआप कमरेकडे जायला लागलं तेव्हा तिनं डबी केंद्राच्या कपाटात ठेवून दिली. पाचव्या दिवशी दात घासताना ब्रश गुलाबी झाला. सहाव्या दिवशी तिचा ठिपका पिवळा झाला. स्वतःच्या तोंडातून रक्त आल्याचा आनंद झालेली ती जगातली पहिलीच बाई असेल. केंद्राच्या खणात जुनी सळई पडून होती, मिलिमीटरच्या खुणा कोरलेली. मणी यायच्या आधी हिरडीची फट त्या सळईनंच मोजायचे. तीनपर्यंत ठीक, त्यापुढं रोग. आरशासमोर उभं राहून सुवर्णानं ती आपल्या दाढेशेजारी सरकवली. सहाची खूण हिरडीत बुडाली.

एकोणीस तारखेला तिनं नवऱ्याला सांगायचं ठरवलं. संपतराव गावच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. दर वर्षी शाळेत भाषण द्यायचे, पानटपरीवाल्याशी भांडायचे. सुवर्णानं त्यांना जेवायला वाढलं आणि ताटासमोर बसून सगळं एका दमात सांगून टाकलं.

संपतरावांनी घास संपवला. "तेवीस वर्षं वास येतोय मला," ते म्हणाले.

"मग बोलला का न्हाईसा?"

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "दिवसभरात तेवढ्याच वेळेला तू बसल्याली दिसायचीस."

सुवर्णाला रडू आलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांना आणखी भाकरी वाढली. "उद्या माझी नोकरी जाईल," ती म्हणाली. "तुमचं अध्यक्षपद बी."

"जाऊ दे," संपतराव म्हणाले. "तू थांबू नगंस आता."

डॉ. ओगले सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ होते. केंद्रातल्या टेबलावर अकरा नावांची यादी त्यांच्यापुढं होती आणि सही करायला पेन उघडलेलं होतं. सुवर्णानं यादीवर आपला आलेख ठेवला. दोन वर्षांची हिरवी रेघ, शेवटच्या सात दिवसांत पिवळी आणि मग तांबडी.

त्यांनी चष्मा वर केला. "सुवर्णाताई, या आठवड्यात तुम्ही काय खाल्लंत?"

"हेच, सर. तुम्हालाही पहिला प्रश्न हाच सुचला."

मग तिनं सांगितलं. कितव्या वर्षापासून, दिवसातून किती वेळा, केव्हा सोडली. काहीच मऊ करून सांगितलं नाही. शेवटी सळई त्यांच्या हातात दिली आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून तोंड उघडून बसली. ओगल्यांनी हात धुतले. त्यांनी एकेक दात मोजला, सहा, सात, सात, पाच, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"मी दातांचा डॉक्टर आहे," ते अखेर म्हणाले. "हे मला माहीत होतं. अर्जात तंबाखूचा प्रश्न आहे म्हणून मी निर्धास्त राहिलो. दोन वर्षं ज्यांना आम्ही सगळ्यात निरोगी समजत होतो..." त्यांनी सळई तिच्या हातात परत दिली. "नऊ तालुके आहेत, ताई. या यादीतल्या अकरा जणीही लावतात का?"

"ते मी सांगणार नाही."

"त्यांच्या भल्यासाठीच विचारतोय."

"कुणाला विचारायची गरजच नाही, सर. सगळ्यांच्या हिरड्या सळईनं मोजा, साठच्या साठ. मशेरीला सळई फसवता येत नाही. जिथं खोल लागेल तिथं जेल भरा. बाई काय लावते ते तिनं आपणहून सांगितलं तर सोडायला मदत करा."

ओगल्यांनी पेनाचं टोपण लावलं. नावं कमी होणार नाहीत, असं ते म्हणाले. नऊही तालुक्यांत फेरमोजणी होईल. मग जरा अडखळत त्यांनी पुढचं सांगितलं. प्रतिज्ञापत्र खोटं ठरल्यामुळं तिला कामावरून दूर करावं लागेल, ते त्यांच्या हातात नाही. निष्कर्ष छापताना तिचं नाव मात्र गाळता येईल.

"गाळू नका," सुवर्णा म्हणाली. "आणि एक करा. अकरा घरांना संदेश गेलेत की बाई चोरून खाते. ते चुकले होते असा संदेश आज पाठवा."

त्यांनी लॅपटॉप उघडला, बराच वेळ शोधलं. "तशी सोय नाही ठेवलेली," ते ओशाळून म्हणाले. "पुण्याला सांगून करून घ्यावी लागेल. महिना जाईल."

"शंका कळवायची सोय आहे, चूक कळवायची नाही?"

ओगल्यांनी लॅपटॉप मिटला.

"असू दे," सुवर्णा म्हणाली. "मी जाते."

ती घरोघर गेली. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं एकच सांगितलं: मशीन चुकलं होतं, तुमची बाई खरं बोलत होती, संदेश मी पाठवला होता म्हणून माफी मागायला मीच आले. कुणी 'बरं' म्हणून दार लावलं. एका घरी नवऱ्यानं 'तरीच' म्हणून मान डोलावली, जणू त्याचा पहिल्यापासून बायकोवर विश्वास होता. एका म्हाताऱ्या सासूनं 'मग वाढतीया कशानं?' म्हणून खोदून विचारलं, आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा पांढरा पडला. 'आजारानं,' सुवर्णा म्हणाली, 'हिरडीच्या,' आणि ते खरंच होतं. दहा घरं करेपर्यंत दुपार कलली.

अकरावं घर अक्काचं. विक्रांत सोप्यात बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आई खात नव्हती?"

"न्हाई. तुझ्या निम्मंबी खात नव्हती."

"मग मशीन चुकलंच कसं?"

नाव घेणार नाही असा सुवर्णानं अक्काला शब्द दिला होता. तेवढ्यात आतून भिंतीला धरत अक्का आली. चार पावलं टाकायला तिला मिनिटभर लागलं. ती खुर्चीत बसली, दम खाल्ला.

"मशेरी लावते मी," ती पोराला म्हणाली. "सोळाव्या वर्सापास्नं. तुज्या जन्माच्या आदीपास्नं. त्यानं मशीन फसलं. आता कुनाला सांगायचं तर सांग जा." मग सुवर्णाकडे वळून तिनं विचारलं, "ती सळई हाय का तुज्याकडं?"

"हाय."

"मग मोज माझं. ह्याच्या म्होरं मोज."

"अक्का, मला कामावरनं काढलंय. मला आता अधिकार न्हाई."

"अधिकार मी देते की. तोंड माझं हाय."

सुवर्णानं सळई उकळत्या पाण्यात धरली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. विक्रांतला तिनं कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा धरायला लावला. अक्कानं मान मागं टाकून तोंड उघडलं. सुवर्णा एकेक दात घेत गेली. पाच, म्हणाली ती. सहा. सहा. विक्रांत लिहीत होता. मग मागच्या दाढेशी सळई जी सरकली ती सरकतच गेली.

"आठ."

पेन थांबलं. "आठ म्हंजी?"

"दातापास्नं हिरडी आठ मिलिमीटर सुटलीया. आत समदी जखम हाय."

विक्रांतनं दिवा जवळ नेला आणि आईच्या तोंडात पाहिलं. सळईच्या टोकापासून रक्ताची बारीक रेघ दातावर आली होती. त्यानं असं आईच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "दुखतंय का गं?"

उत्तर देता यावं म्हणून सुवर्णानं सळई बाहेर काढली. अक्कानं ओठ मिटले.

"दोन वर्सं दुखतंय," ती म्हणाली. "तू काय खाल्लंस तेवढंच इचारत हुतास."

विक्रांतच्या हातातला दिवा खाली गेला. अक्कानं हात वर करून त्याचं मनगट धरलं, दिवा तोंडाशी आणला आणि पुन्हा तोंड उघडलं. सुवर्णानं सळई पुढच्या दाताला लावली.

"सात," ती म्हणाली, आणि विक्रांतनं लिहून घेतलं.